भाकरी हृदयात जात नाही

झोटवाडा, जयपूर
९ जानेवारी २०२५

ति. अक्कास,

साष्टांग नमस्कार. म्हणजे आठांपैकी सात अंगं जमिनीला टेकली असं समज, आठव्याची सध्या तक्रार आहे.

तिळाच्या वड्या पोचल्या. दोन खाल्ल्या, तिसरी छातीत जाऊन बसली. दिवाळीपासून हे असंच चाललंय. भाकरीचा घास गिळला की मधेच थांबतो. मी त्याला पाण्यानं ढकलतो, तर पाणीही परत वर येऊन सांगतं की पुढं रस्ता बंद आहे. मी हिंग खाल्ला, ओवा खाल्ला, शेजारच्या शेखावतजींनी दिलेलं कसलंसं काळं चूर्ण खाल्लं. पट्टा दोन भोकं आत गेला. शेवटी कीर्ती मला गाडीत घालून घेऊन गेली आणि डॉक्टरांनी दुर्बीण केली. तोफखान्यात उभा जन्म मी दुर्बिणीतून शत्रू बघितला. इथं दुर्बीणच माझ्यात घातली. दिवस फिरतात ते असे.

रिपोर्ट आलाय. इंग्रजीत आहे, पण त्यात 'कार्डिया' असा शब्द स्पष्ट आहे. कार्डिया म्हणजे हृदय, हे दरसाल मेडिकल दिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तेव्हा हार्टचा किरकोळ प्रॉब्लेम निघालाय. काळजीचं कारण नाही. गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं. हार्टच्या दुखण्याला एक इभ्रत असते, अक्का. मूळव्याधीला कुणी खुर्ची देत नाही. मला आता दूधवालासुद्धा आधी बसा म्हणतो. शेखावतजी रोज सकाळी लसूण आणून देतात आणि सोललाय का ते बघून जातात.

फोन करू नकोस. तोफा मी उडवल्या आणि कान त्यांनी नेले, हे तुला ठाऊक आहे. पत्र लिही. तुझं अक्षर मला अजून ऐकू येतं.

तुझा
सर्जेराव


रहिमतपूर
१८ जानेवारी २०२५

चि. सर्जास,

आशीर्वाद. लायकी नसली तरी पुरेपूर.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नोकरीभर पचनसंस्थेचा तक्ता भिंतीला लावून शिकवलं. त्या तक्त्यात भाकरी हृदयात जाताना मी एकदाही पाहिली नाही. हृदय बिघडलेल्या माणसाला दम लागतो, घाम फुटतो. त्याच्या छातीत तिळाची वडी बसत नाही.

माझा विद्यार्थी अभिजित आता कोरेगावात डॉक्टर आहे. त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, बाई, जठराच्या वरच्या तोंडालाच कार्डिया म्हणतात. हृदयाच्या शेजारी आहे म्हणून तसं नाव पडलं. झालं समाधान? शेजारी राहतं म्हणून नाव लावलं. तू शेखावतांच्या शेजारी राहतोस म्हणून उद्या शेखावत होशील काय?

म्हणजे दुखणं जठराचं आहे. त्या ओळीतला एक शब्द तू मला सांगितलास. बाकीच्या ओळीत काय आहे? मालन असती तर तिनं तुझ्या हातून तो कागद कधीच काढून घेतला असता. ती गेल्यापासून तुझ्या थापांना घरात गिऱ्हाईक नाही, म्हणून तू त्या मला टपालानं पाठवतोस.

कीर्तीला हे वाचून दाखव, किंवा ती चोरून वाचेल तसं ठेव. कीर्ती बाळ, तू फोनवर बोलतेस तेव्हा तुझा बाप शेजारी उभा राहून तुला खुणा करतो, मला इथून दिसतं. मला कागदावर लिही. तुझं शुद्धलेखन तपासणार नाही. (तपासणार. पण लिही.)

तुझी
अक्का


जगतपुरा, जयपूर
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्याजी,

नमस्ते. मी ऑफिसमधून लिहिते आहे. घरी बाबा बघतात. मला मराठी लिहायला खूप टाइम लागतो. बोलताना ठीक असते, लिहिताना हिंदी मधे येऊन बसते. आमच्या शालेत मराठी नव्हती. चूक असेल तर माफ करा.

बाबांना कैन्सर आहे. मी हा शब्द आधी लिहून टाकला, नाहीतर पत्र संपलं असतं आणि तो राहिला असता. पोटाच्या वरच्या भागात आहे, जिथे अन्ननलिका येऊन मिलते. बाबांना सगलं माहीत आहे. त्यांनी रिपोर्ट वाचला, 'कार्डिया'च्या खाली पेन्सिलने लाइन मारली आणि गल्लीत सांगायला निघून गेले.

पहिल्या सर्जनने म्हटलं, लवकर ऑपरेशन करा. मग ऑफिसची अमिता म्हणाली, दुसरीकडे पण दाखव. दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलला बाबांच्या गाठीचा नमुना पाहिजे होता. तो मोमच्या, मतलब मेणाच्या, छोट्या चौकोनात ठेवतात. मी लैबमधून घेतला आणि स्कूटीच्या डिक्कीत ठेवला. रस्त्यात खूप जाम होता. मला भूक लागली होती म्हणून थांबून कचोरी खाल्ली. मग खाता खाता रडले. कचोरीवाले भैया म्हणाले, मिर्ची ज़्यादा हो गई क्या. मी हो म्हटलं.

तिथल्या डॉक्टर मैडमने तपासून सांगितलं की काही पेशी वेगल्या आहेत, न्यूरोएंडोक्राइन. हा शब्द हिंदीत पण असाच अवघड आहे. त्या म्हणाल्या, आधी कीमोची सलाईन, नंतर ऑपरेशन. मतलब दोन डॉक्टरांचा क्रम वेगला झाला. हे ऐकून बाबा खूप खुश झाले. का खुश झाले ते मला समजलं नाही. आता ते म्हणतात, दोघांनी आधी आपसात ठरवावं, तोपर्यंत मी काहीच करणार नाही. मी म्हटलं, मी दोघांना फोनवर बोलायला सांगते, तर ओरडले. मैडम म्हणाल्या, वेल कमी आहे.

तुम्ही समजवा. माझं ते ऐकत नाहीत. कानाने पण नाही आणि तसं पण नाही.

तुमची
कीर्ती


रहिमतपूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सर्जास,

कीर्तीचं पत्र आलं. पोरीला ळ येत नाही. तिनं 'वेल कमी आहे' असं लिहिलंय. सवयीनं दुरुस्त करायला लाल पेन उघडला, आणि मग तो तसाच हातात धरून बसले.

तर तो दुसरा शब्द हा होता. बरं. आता लपवायला काही उरलं नाही, तेव्हा नीट बोलू.

दोन डॉक्टरांचं जमेना म्हणून तू खूश झालास हे तिला कळलं नाही. मला कळलं. लहानपणी दोन घरांतून जेवणाचं बोलावणं आलं की तू दोन्हीकडं जेवून यायचास. आता दोघांनी बोलावलंय तर तू कुठंच गेला नाहीस. तेव्हाचा सर्जा बरा होता, निदान त्याला जेवण मिळायचं.

त्या वेगळ्या पेशींचं काय प्रकरण आहे ते मला सविस्तर लिही. मला समजेल असं. म्हणजे ते लिहायच्या निमित्तानं डॉक्टर काय म्हणाल्या ते तुला एकदा समजून घ्यावं लागेल. तुला धडा शिकवायची माझी हीच एक रीत आहे आणि ती अजून फसलेली नाही.

अक्का


झोटवाडा, जयपूर
१० मार्च २०२५

ति. अक्कास,

सा. न.

उशीर झाला, कारण तू म्हणालीस तसं समजून घ्यायला मी खरंच गेलो होतो. माझ्या पोरीनं माझ्या जठराचा तुकडा कचोरीच्या दुकानापुढं उभा केला, हे तिनं तुला लिहिलंच असेल. मला थंडीपासून कचोरी बंद आहे आणि माझं जठर माझ्याआधी तिथं जाऊन आलं.

डॉक्टरीणबाई बिकानेरकडच्या आहेत. मला ऐकू येत नाही म्हणून त्या पाटीवर लिहून समजावतात. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात मी एकटाच पाटीवरचा विद्यार्थी आहे. त्यांनी सांगितलं ते असं. जठरात काही पेशी निरोप्याच्या नोकरीला असतात. आम्ल सोडा, आता पुरे, भूक लागली, असले निरोप त्या रक्तातून पाठवतात. निम्मा स्वभाव मज्जातंतूचा, निम्मा ग्रंथीचा. माझी गाठ मुळात साध्या जातीची, पण तिच्यातल्या काही पेशींनी ह्या निरोप्यांचा वेष घेतलाय. म्हणजे शत्रूच्या पलटणीत काही जवान डाकवाल्याच्या खाकीत फिरताहेत. आपल्या कीर्तीच्या मराठीसारखी गाठ आहे बघ. वाक्य सुरू होतं मराठीत आणि मधेच 'मतलब' येतं.

आता गंमत ऐक. साध्या आणि वेषधारी, दोन्ही जातींच्या पेशी तीस-तीस टक्के तरी भरल्या तर गाठीला 'मिश्र' अशी पदवी मिळते. माझ्या वेषधारी भरल्या वीसच्या आसपास. म्हणजे पदवी नाही, नुसता शेरा, की तसे गुण दिसतात. तुझ्या शाळेत पस्तीसला पास, इथं तीसला, तरी माझी गाठ नापास. खानदानाला धरून आहे.

मी विचारलं, नापास झाली हे चांगलं की वाईट? बाई खरं बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, अशा गाठी कमी बघायला मिळतात, वीस टक्क्यांचं नेमकं वजन किती ते छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण त्या पेशी तापट असू शकतात, लवकर पांगतात, म्हणून आधी सलाईन देऊन त्यांना गाठावं असं त्यांचं मत. सर्जन म्हणतात, एवढ्याशा शेऱ्यावर थांबू नका, आधी काढून टाका.

म्हणून मी विचार करतोय. तोफ डागायच्या आधी दोन निरीक्षकांचे आकडे जुळावे लागतात. जुळले नाहीत तर थांबायचं. हा नियम आहे. भीती नाही.

येत्या रविवारी आमच्या माजी सैनिकांची कानोत्याच्या बंधाऱ्यावर सहल आहे. दाल-बाटी आहे. मी फक्त दाल खाणार, असं कीर्तीला लेखी दिलंय.

तुझा
सर्जेराव


जगतपुरा, जयपूर
२० मार्च २०२५

आदरणीय आत्याजी,

नमस्ते. तुम्हाला आधी फोन करणार होते, पण बाबांनी सांगून ठेवलं होतं की आत्याला हॉस्पिटलमधून काही कलवायचं नाही, सगलं संपल्यावर लिही. म्हणून आता लिहिते.

रविवारी कानोत्याला पिकनिकमध्ये बाबा पडले. शेखावत अंकलने गाडीत घालून आणलं. डॉक्टर मैडमने खूप चेष्टा केली, रात्री पण थांबल्या. काल सकाली बाबा सुटले. आता एकदम शांत आहेत. आम्ही घरी घेऊन आलो. कॉलनीचे सगले लोक आले, फूल घेऊन. बाबांच्या पलटणीचे पण आले.

तुम्ही धावपल करू नका. इथे गर्मी सुरू झाली आहे आणि आता येऊन काही करायचं राहिलं नाही. मी ठीक आहे. खूप थकले होते, काल खूप दिवसांनी झोपले.

तुमची
कीर्ती


रहिमतपूर
२७ मार्च २०२५

सर्जा,

आशीर्वाद देत नाही. रागात आहे.

परवा मंगळवारी दुपारी तू मेलास. तुला कुणी कळवलं नसेल म्हणून मी कळवतेय. कीर्तीचं पत्र सोबत परत पाठवतेय, ते तू वाच आणि मला सांग की तुझ्या जागी दुसरा कुणी माणूस यातून जिवंत बाहेर येईल का. तुमच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे मला माहीत आहे. इतक्या वर्षांत शंभर वेळा ऐकलंय. पण परवा मी वाचलं ते असं, की डॉक्टरीणबाईनं माझ्या भावाची थट्टा केली आणि तो गेला. आणि 'सुटले'. इस्पितळातून सुटी मिळाली याला पोरीनं 'बाबा सुटले' लिहावं? आपल्याकडं दुखणाईत माणूस सुटला म्हणजे काय, हे तिला कधी तू शिकवलंस? शांत आहेत, घरी आणलं, लोक फुलं घेऊन आले. तेराव्याची तारीख तेवढी घालायची राहिली होती.

मी डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारची प्रणाली येऊन बसली. आपला पंढरीनाथ आला. चुलत असून सख्ख्यासारखा रडला. सर्ज्यानं माझी सायकल नेली ती दिलीच नाही, असं म्हणून रडत होता. मग डोळे पुसून गेला तो थेट स्टँडवर, आणि त्यानं तुझा फ्लेक्स छापायला टाकला. गणवेशातला फोटो, मिशा भरघोस, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि शोकाकुल म्हणून त्याचं स्वतःचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. गावच्या ग्रुपवर तुझे इतके गुण निघाले की मला वाटलं दुसराच कोणी सर्जेराव वारला. तू शाळेची कौलं फोडली होतीस, ते आता 'धाडसी स्वभाव' झालंय.

संध्याकाळी कीर्तीशी बोलावं म्हणून फोन लावला. तिनं उचलला नाही. मग तुझ्या नंबरवर लावला, म्हटलं पोर तिथंच असेल. उचलला तू. ओल्या केसांनी उभी मी, आणि माझा मेलेला भाऊ तोफेच्या आवाजात ओरडतोय, कोण पाहिजे, इथं कुणी नाही, कीर्ती ऑफिसात गेलीय. मी तुझ्या नावानं हाक मारली. तुला ती ऐकू आली नाही. तू रॉन्ग नंबर म्हणून ठेवून दिलास. मग रात्री कीर्तीचा फोन आला. बाटी अडकली, दुर्बिणीनं काढली, तीन दिवस सलाईनवर होतास, सगळं सांगितलं. पोर इतकी रडली की शेवटी मीच तिची समजूत काढली. तिला बोलू नकोस.

आता माझा राग ऐक. तू जिवंत आहेस हे कळल्यावर मी देवापुढं दिवा लावायला हवा होता. मी पाटावर बसले आणि मला संताप आला. कारण दुपारभर मी जो मेलेला सर्जा धरून बसले होते, तो ऑपरेशनच्या टेबलावर गेला नव्हता. सलाईन सोसून गेला नव्हता. गाठीनंसुद्धा गेला नव्हता. तो 'विचार करतोय' यानं गेला होता. लोक विचारत होते, काय उपचार चालू होते? काय सांगू? दोन डॉक्टरांचे आकडे जुळायची वाट बघत होता?

नियमाचं मला सांगू नकोस. तू पत्रात नियम लिहिलास आणि पुढच्याच वाक्यात भीती नाही असं लिहिलंस. मी विचारलं होतं का?

फ्लेक्स छापून आलाय. पंढरीनाथ विचारतोय, काय करू.

मंदाकिनी


झोटवाडा, जयपूर
९ एप्रिल २०२५

ति. अक्कास,

अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताला सलाईन आहे, डाव्यानं लिहितोय. होय, सुरू झाली. परवापासून रोज येतोय. मोठी खोली आहे, दहा-बारा खुर्च्या मांडल्यात, आणि प्रत्येक खुर्चीत एक माणूस बाटलीला बांधून ठेवलाय. शेजारच्या खुर्चीत टोंकचे एक सोनार आहेत. ते मला काहीतरी सांगतात, मी मान हलवतो. आमचं छान जमलंय.

फ्लेक्स गुंडाळून कोरड्या जागी ठेवायला सांग. मिशा चांगल्या आल्यात म्हणतेस तर पुन्हा खर्च कशाला? आणि पंढरीनाथाला म्हणावं, सायकल मी नेली नव्हती. त्यानंच ती ओढ्यात घातली होती आणि घरी माझं नाव सांगितलं. मेल्यावरही माणसाला हे ऐकावं लागतं.

तुझं पत्र कीर्तीनं वाचलं नाही. मी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडं एकटा गेलो. पाटी मीच हातात घेतली आणि लिहिलं, सर्जन साहेबांशी आप बोलिए. बाईंनी माझ्यासमोर फोन लावला. उभ्या उभ्या बोलल्या. मग पाटीवर लिहिलं की ठरलं, आधी सलाईन, मग पुन्हा तपासणी, मग ऑपरेशन, सर्जन साहेबांना मान्य आहे. माझा चहा गार व्हायच्या आत झालं. जे जुळायची मी हिवाळाभर वाट बघत होतो, ते एका फोनचं काम होतं. कीर्ती तो फोन करायला निघाली होती तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो. तो फोन झाला तर जुळेल, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तर तुझं बरोबर आहे. तू विचारलं नव्हतंस.

हे डाव्या हातानंच लिहितो, त्याला खोटं लिहायची सवय नाही. बाईंनी निरोप्या पेशींचं सांगितलं तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती मी तुला लिहिली नाही. भूक लागल्याचा निरोप जठराच्या त्या वरच्या भागातूनच निघतो. ऑपरेशनमध्ये तो भाग काढला की भूक लागायची कमी होते. काहींना लागतच नाही. घड्याळ बघून थोडं थोडं खायचं, औषधासारखं. बाईंनी हे साधं म्हणून सांगितलं, आणि पाटी पुसून टाकली.

मला मरायची भीती वाटत नाही असं लिहिलं होतं. खोडलंय, दिसत असेल. तीही वाटते. पण तिच्याआधी ही. तुला ठाऊक आहे मी कसा आहे. बर्फात, वाळवंटात, मालन गेली त्या दिवशीसुद्धा, दुपारी मला भूक लागली होती. लाज वाटली होती, पण लागली होती. तिच्या जोरावर मी उठत आलो, अक्का. ती लागली नाही तर सकाळी उठून मी करू काय?

हे मी कीर्तीला सांगू शकत नाही. पोरीला कॅन्सरचं कळतं, याचं काय कळणार? शेखावतजींना सांगितलं तर ते लसूण आणतील.

मला भीती वाटते अक्का. तू ये.

सर्जा


रहिमतपूर
१६ एप्रिल २०२५

चि. सर्जास,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले राहिलेलेही यात धर.

शुक्रवारी पुण्याहून गाडी आहे, शनिवारी जयपूरला उतरते. कीर्तीला ऑफिस बुडवून स्टेशनवर यायला लावू नकोस, मी रिक्षा करून येईन. हिंदी मला येते, तुमच्यापेक्षा शुद्ध येते. पंढरीनाथ पुण्यापर्यंत सोडायला येतो म्हणतोय. ग्रुपवर तुझे गुण अजून निघताहेत, लोकांना थांबा म्हणायला संकोच वाटतो.

तुझं पत्र घेऊन पुन्हा अभिजितकडं गेले होते. तो म्हणाला, बाई, खरं आहे ते. काहींना पुढं थोडी भूक परत येते, काहींना नाही, आधी सांगता येत नाही. मी त्याला वर्गात विचारायचे तसं तीनदा फिरवून विचारलं. उत्तर तेच आलं. मी शिकवलेल्या तक्त्यात जठर नुसती पिशवी होती, त्यातून निरोप निघतात हे मलाच कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा तुला धीर द्यायला माझ्याकडं काही नाही आणि मी काही बनवून सांगणार नाही.

मीही घाबरलेय. त्या मंगळवारी तू मेलास तेव्हा इतकी घाबरले नव्हते, तेव्हा काही करायचं उरलं नव्हतं.

कीर्तीसमोर आपण चेहरा सरळ ठेवू. सकाळी तिला डबा देऊन जगतपुऱ्याला पाठवू, स्कूटीचा आवाज लांब जाऊ दे. मग दार लावून घेऊ आणि दोघं मिळून व्यवस्थित घाबरू. तोवर एकट्यानं फार घाबरू नकोस, माझ्यासाठी ठेव.

तुझी
अक्का